पोकोनोच्या कॅम्पात हातबोशी

पार्सिपनीहून, मुलाच्या घरून, आम्ही निघालो तेव्हा माझ्या मांडीवर करंज्यांचा डबा होता. गाडी माझा मुलगा डॅनियल चालवत होता. शेजारी सून शोशन्ना रस्त्याचे छापलेले कागद घेऊन बसली होती, आणि मी मागे एकटी, पट्टा आवळून. २००६ सालचा जुलै. माझी दहा वर्षांची नात लेआ दोन आठवड्यांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात समर कॅम्पला गेली होती आणि आज पालकांनी भेटायला जायचा दिवस होता.

इथल्या मुलांना सुटीत आजोळ नसतं, कॅम्प असतो. त्यातही ज्यू मुलांचे कॅम्प वेगळे. तळ्यात पोहायचं, होड्या वल्हवायच्या, हिब्रू गाणी म्हणायची, शुक्रवारी संध्याकाळी पांढरे कपडे घालून शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीची, प्रार्थना करायची आणि मधला एक भेटीचा दिवस सोडला तर चार आठवडे आईबापांचं तोंड बघायचं नाही. फोनसुद्धा नाही. ठाण्याहून मी जेमतेम दोन महिन्यांसाठी आले होते आणि त्यातले चार आठवडे नात डोंगरात. हे मला अजिबात पटलं नव्हतं आणि मी ते बोलूनही दाखवलं होतं.

"घर काय खायला उठलंय का पोरीला?" मी विचारलं होतं.

डॅनियल शांतपणे म्हणाला होता, "आई, ठाण्याला वर्गात मी एकटा ज्यू होतो. दर जूनला नव्या बाईंना सांगायचो, मी ख्रिश्चन नाही, पारशी नाही. इथे लेआचं सेम चाललंय. वर्षातून एक महिना तरी तिला कुणाला काही एक्स्प्लेन करायला लागू नये, एवढंच."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बेने इस्रायल. कोकणात नवगावजवळ गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्यांची आम्ही लेकरं, असं आमच्या घरांतून सांगतात. पूर्वज तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आम्ही स्वप्नंसुद्धा मराठीत पाहतो. मी तर तीस वर्षं ठाण्यातल्या शाळेत मराठीच शिकवलं. डॅनियलचं म्हणणं ऐकून मी गप्प बसले, कारण त्या नव्या बाईंना उत्तरं द्यायला चार वेळा मीच शाळेत गेले होते.

ऐंशी नंबरचा रस्ता पश्चिमेला जातो. तासाभराने डेलावेअर नदी डोंगर मधोमध कापून बाहेर पडताना दिसते. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली संथ पाणी, आणि त्या अरुंद जागेतून नदीशेजारून आपला रस्ता. मी डॅनियलला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. तो म्हणाला, इथे असं कुठेही थांबत नाहीत. पुढे एका शेतकऱ्याच्या टपरीवर मात्र थांबलो. मक्याची कणसं आणि पीच मांडून ठेवले होते. विकणाऱ्या बाईने माझ्या साडीकडे बघून विचारलं, "लांबून आलात?" मी म्हटलं, "पार्सिपनीहून." ती हसली आणि तिने एक पीच जास्तीचा पिशवीत टाकला.

शोशन्नाचं लक्ष कशातच नव्हतं. कॅम्पवाले रोज संध्याकाळी मुलांचे फोटो इंटरनेटवर टाकतात. इथले आईबाप जेवण सोडून कॉम्प्युटरपुढे बसतात आणि शेकडो फोटोंत आपलं पोर शोधतात. सापडलं की ते हसतंय का, कुणाच्या शेजारी उभं आहे, दोन दिवस तोच शर्ट का, यावर चर्चा. मला आधी गंमत वाटली, मग मीही खुर्ची ओढून बसायला लागले. पहिल्या शुक्रवारपर्यंत लेआ प्रत्येक फोटोत दात काढून हसत होती. त्यानंतर ती कडेला उभी दिसायची, हात पाठीमागे. शोशन्ना म्हणायची, "आई, काहीतरी झालंय." डॅनियल म्हणायचा, ऊन लागलं असेल डोळ्यांवर.

कॅम्पच्या फाटकावर एका उंच मुलाने आमचं स्वागत केलं आणि माझ्या डब्यावर बोट ठेवलं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. एक तर मुलांना दाण्याबिण्यांची ॲलर्जी असते आणि दुसरं म्हणजे इथलं स्वयंपाकघर कोशर आहे, ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारं.

"कोशर म्हणजे काय ते मला माहीत आहे," मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत त्याला सांगितलं. "माझ्या घरी मटणाची भांडी वेगळी आणि दुधाची वेगळी. माझ्या सासूच्या घरीही वेगळीच होती. या करंज्या तेलात तळल्यात, आत खोबरं आहे, आणि त्या मी तळल्यात."

तो फार गोड हसला आणि "सॉरी मॅम" म्हणाला. डबा गाडीत ठेवावा लागला. चाळीस वर्षं कोशर पाळलं त्याचं हे बक्षीस. डॅनियल खाली मान घालून हसत होता, तेही मला दिसलं.

आत गेल्यावर मात्र राग टिकला नाही. पाइनच्या झाडांतून लाकडी खोल्यांच्या रांगा, प्रत्येक दाराच्या चौकटीवर मेझुझा (धर्मवचनाची लहानशी डबी), आणि शेकडो मुलं आत शिरताना तिला सहज हात लावून पुढे पळताहेत. ठाण्यात अख्ख्या आळीत अशी दारं तीन-चार. इथे जिकडे बघावं तिकडे. जेवणाच्या हॉललाही हिब्रू नाव, खदर ओखेल (जेवणघर). तळ्याकाठी लाकडी बाकांचं उघडं सिनेगॉग, छप्पर नाही, भिंती नाहीत, समोर नुसतं पाणी. मी त्या बाकावर बसले आणि मला फार बरं वाटलं. डॅनियलला काय हवं होतं ते तिथे बसल्यावर मला कळलं.

लेआ आली ती धावत नव्हती. आईला मिठी मारली, बाबाला मारली, माझ्या पोटात डोकं खुपसलं. तिने तळं दाखवलं, होडी दाखवली, तिची काउन्सेलर मिकाल दाखवली. ही मिकाल ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकणारी मुलगी, उन्हाळ्यापुरती इथे पोरी सांभाळते. मग झाडाखाली सतरंजीवर बसल्याबरोबर लेआ म्हणाली, "आय वॉन्ट टु गो होम. टुडे."

शोशन्ना लगेच उठली. "चल, बॅग भरू."

"थांब गं," डॅनियल म्हणाला. "अर्धा कॅम्प झालाय. काय झालं ते तरी सांग, बेटा."

लेआ काही सांगेना. नवराबायकोची हलक्या आवाजात जुंपली. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या होत होत्या. पोरगी घरी येणार, माझे उरलेले दिवस तिच्याबरोबर जाणार. मी तिचा हात धरला आणि तळ्याकडे घेऊन गेले.

"आता मला सांग. मराठीत सांग, इथे कुणाला कळत नाही."

तिने अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. पहिल्या शुक्रवारी प्रार्थना संपली. सगळ्या पोरी पांढऱ्या कपड्यांत ओळीने उभ्या. लेआने शेजारच्या हॅनापुढे दोन्ही हात केले.

आमच्यात याला हातबोशी म्हणतात. प्रार्थना झाली की शेजारच्यापुढे दोन्ही हात करायचे, त्याने ते आपल्या हातांत घ्यायचे, मग दोघांनीही आपापली बोटं ओठांना लावायची. मोठ्यांपासून सुरू होऊन ते अख्ख्या सिनेगॉगभर पसरत जातं. ठाण्यात आम्ही हे न करता घरी जात नाही, एकमेकांचा निरोपही असाच घेतो. सगळे ज्यू असंच करतात, अशी लेआची समजूत होती. तिने घरी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

हॅनाने दचकून हात मागे घेतले. लेआने सवयीने आपली बोटं ओठांना लावली. सगळ्या पोरी खो-खो हसल्या. रात्री खोलीत एकीने तिची नक्कल केली आणि दुसरीने विचारलं, "तू खरंच ज्यू आहेस की इंडियन?"

"मी त्यांना काहीच सांगितलं नाही, आजी. मला सांगायचंच नाही."

माझा जीव तिळतिळ तुटला. जिथे कुणाला काही समजावून सांगावं लागू नये म्हणून पाठवलं, तिथेच हे. त्या क्षणी त्या पोरींना एका रांगेत उभं करून नवगावच्या गलबतापासून सगळं ऐकवायची मला सुरसुरी आली होती. आणि दुसरं असं झालं की तिला घरी न्यायची माझी इच्छा पार गेली.

"हे बघ," मी म्हटलं, "जेवण आवडत नसतं, कुणी मारलं असतं, तर तुझी पेटी मी डोक्यावर घेऊन निघाले असते. पण यासाठी नाही. आज तू घरी आलीस तर तू पुन्हा कुणापुढे हात करणार नाहीस. माझ्यापुढेसुद्धा."

तिने पाण्यात तीन-चार खडे टाकले. मग म्हणाली, "ओके. पण तू त्यांना काही बोलायचं नाहीस. प्रॉमिस."

मी वचन दिलं. मला ओळखणाऱ्यांना कळेल, मी काय कबूल केलं ते. सतरंजीकडे परत येऊन लेआने आईबाबांना राहते म्हणून सांगितलं. दहा मिनिटांत हीच हॅना, लाल केसांची, नाकावर ठिपके असलेली, समोर येऊन मला म्हणाली, "तुमची साडी फार सुंदर आहे." मी थँक्यू म्हटलं आणि जीभ चावून उभी राहिले. वर मिकालने मला बाजूला घेऊन विचारलं, "शुक्रवारचं मी पाहिलं होतं. ते काय असतं, तुम्ही मुलींना दाखवाल का?" मी नाही म्हटलं. लेआला दाखवायचं असेल तेव्हा तीच दाखवेल.

निघायची शिट्टी झाली. पोरी ध्वजाच्या मैदानाकडे निघाल्या. निरोप घेताना सवयीने माझे दोन्ही हात पुढे झाले. लेआने चटकन आजूबाजूला पाहिलं, माझे हात खाली दाबले आणि हळूच म्हणाली, "नॉट हिअर, आजी." आणि पळाली.

परतताना गाडीत आम्ही तिघांनी करंज्या खाल्ल्या. डॅनियल म्हणाला, "आई, थँक्स." मी खिडकीबाहेर बघत होते. तिथले लोक तिला आपली म्हणतील की नाही याची मला काळजी होती. तीच आमच्यापासून हात आखडता घेईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ते फार लागलं.

कॅम्प संपवून लेआ आली ती काळीसावळी होऊन, होड्यांच्या गप्पा मारत. शुक्रवारी घरी प्रार्थना झाल्यावर मी मुद्दाम हात पदरात गुंडाळून बसले. तिला संकोच नको. तिनेही हात पुढे केले नाहीत, आणि माझे परतीचे दिवस जवळ आले.

नेवार्कच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेपाशी निरोपाची जागा आहे. तिथे गर्दी ही गर्दी. मी इथल्या लोकांसारखी लेआला मिठी मारली आणि बॅग उचलली.

"आजी, थांब," ती म्हणाली. "मी हॅनाला सांगितलं. शेवटच्या शुक्रवारी. तिने विचारलं म्हणून. सगळ्यांना नाही, ओन्ली हॅना."

"मग? हसली का?"

"थोडीशी. मग तिने केलं. चुकीचं केलं, मी परत करायला लावलं."

आणि त्या रांगेत, मागे लोक खोळंबलेले असताना, तिने माझ्यापुढे दोन्ही हात केले. माझ्या एका हातात बॅग, दुसऱ्यात पासपोर्ट. मी दोन्ही खाली जमिनीवर ठेवलं आणि तिचे हात हातांत घेतले. बोटं ओठांना लावली तेव्हा ती ओली झाली, कारण मी आधीच रडायला लागले होते. मागच्या माणसाने माझी बॅग उचलून माझ्या हातात दिली.