फाटकापर्यंतची गाडी

मी मराठी वाचायला पत्रकांवर शिकले. आई गेल्यावर बाबा मला घेऊन सिंगापूरला आले. तेव्हा सामानात पुस्तकं नव्हती, एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात पिंपरीच्या कारखान्याच्या गेटवर वाटलेली पातळ गुलाबी पत्रकं होती, त्यातली निम्मी बाबांनीच लिहिलेली. मी सहा वर्षांची होते. शाळेत इंग्रजी, खाली दुकानात इंग्रजी, शेजारी इंग्रजी. मुलीचं मराठी जायला नको म्हणून बाबा रोज संध्याकाळी एक पत्रक काढून द्यायचे आणि मी ते मोठ्याने वाचायचे. वस्तू बनवणाऱ्याचा तिच्यावर पहिला हक्क असतो, हे मी गुणाकाराच्या आधी शिकले. साहेबासमोर मान खाली घालणारा माणूस शेजारच्याचीही मान खाली घालतो, हेही.

इथे आल्यापासून बाबांनी एक ओळ लिहिलेली नाही. ते जुरोंग आयलंडवर पाइपांच्या वेल्डिंगची तपासणी करतात. पहाटे कंपनीची बस, गळ्यात पास, संध्याकाळी परत. घरी कुणी राजकारणाचा विषय काढला तर ते चहा टाकायला उठतात. मला वाटायचं, माणूस दमतो. दमणं आणि सोडून देणं यात फरक असतो हे कळायला मला एक गाडी बांधावी लागली.

आम्ही एका जुन्या टेरेस हाउसमध्ये, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळीत, भाड्याने राहायचो. घरमालक मराठीच होते. निवृत्त बँकर, इथले नागरिक, मंडळाच्या गणपतीत पहिल्या आरतीचा मान असलेले. घर पाडून नवीन बांधायचं त्यांच्या मनात होतं आणि तोवर ते आम्हाला दिलं होतं. घरापुढे छप्पर घातलेली गाडी लावायची जागा होती. आमच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे ती रिकामीच असायची.

या देशात गाडी दहा वर्षांची झाली की तिचा परवाना संपतो. तो वाढवणं परवडत नाही, म्हणून धडधाकट इंजिनं भंगारात जातात. चांगी बिझनेस पार्कला माझ्या ऑफिसात लोक नव्या गाड्यांविषयी बोलत जेवायचे आणि मला भंगारात घातलेल्या त्या धडधाकट गाड्यांपायी राग यायचा. त्या रागातून हॉट रॉड रोडस्टरची कल्पना आली. छप्पर नाही, दोनच सीट, इंजिन पुढे उघडं, आणि सगळी गाडी जुन्या सुट्या भागांतून घरीच जोडलेली. भंगारवाल्याकडून सामानाच्या एका व्हॅनचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल घेतला. ही गाडी रस्त्यावर नेता येणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरी बांधलेल्या गाडीला इथे नंबर मिळत नाही. मला ती फक्त चालवायची होती. घरापासून फाटकापर्यंत, चार मीटर. ज्यांनी बांधली त्यांनी, एकदा.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हो किंवा नाही म्हटलं नाही. विचारलं, "वेल्ड कोण करणार?"

मी म्हणाले, मी.

"मग तपासणार कोण?"

असे ते कामाला लागले. मी चौकोनी पोलादी नळ्या कापून चॅसीचा सांगाडा जुळवला, एक लहान वेल्डिंग मशीन घेतलं, आणि व्हिडिओ बघून पहिले आठ जोड मारले. मला ते सुंदर वाटले. रविवारी बाबा कामावर वापरतात तसल्या स्प्रेच्या दोन डब्या घेऊन आले. एकीत लाल रंग, दुसरीत पांढरी पूड. जोड पुसून त्यांनी लाल रंग मारला, दहा मिनिटं घड्याळ बघत उभे राहिले, रंग पुसून काढला आणि वर पांढरं फवारलं. भेग असेल तर तिच्यात लपलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. आठपैकी सहा जोडांवर केसाएवढी लाल रेघ उठली.

"घास आणि परत मार."

"बाबा, ही गाडी चार मीटर चालणार आहे."

"चार मीटरसाठी वेगळं वेल्डिंग असतं का?"

मी घासलं. तिसऱ्या रविवारी दोन रेघा उरल्या, सातव्या रविवारी एकही नाही. बाबा पांढऱ्या जोडांवर वाकले आणि म्हणाले की तुला जुरोंगला कामाला घेतलं असतं. इतकी वर्षं मी शाळेत, कॉलेजात जे काही मिळवलं त्यातलं काही मला या वाक्याएवढं आठवत नाही.

चौदा महिने आम्ही रविवारचे दिवस त्या छपराखाली घालवले. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून ग्राइंडर दहा ते पाचच. काम संपलं की वर हिरवी ताडपत्री. घरमालकांना बाबांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की मुलगी थोडं दुरुस्तीचं काम करते. मला हे आवडलं नव्हतं. मी म्हणाले होते की सरळ सांगू या, आपण चोरी करत नाही. बाबा म्हणाले, सांगू, चालू झाली की सांगू. त्या काळात ते पूर्वीसारखे बोलायला लागले होते. इंजिन बसवताना पिंपरीच्या संपाच्या गोष्टी, कोणत्या फोरमनला कोणी काय सुनावलं, गेटवर पोलीस आले तेव्हा पत्रकांचा गठ्ठा डब्याच्या पिशवीत कसा लपवला. मला माझे बाबा परत मिळत होते. मला गाडीपेक्षा तेच हवं होतं, हे मी आता कबूल करते.

दसऱ्याला स्टार्टर मारायचा, हे बाबांनी ठरवलं. ते देव मानत नाहीत, पण दसऱ्याची यंत्रपूजा मानतात. कारखान्यात त्या दिवशी मशीन बंद ठेवून पुसायचं, हार घालायचा, मशीन चालवणाऱ्यानेच नारळ फोडायचा, साहेबाने नाही. ती देवाची पूजा नव्हे, कामाची आहे, असं ते म्हणायचे. दसऱ्याला त्यांनी रजा टाकली, वर्षातली पहिली. लिटल इंडियातून झेंडूचा हार आणला. ग्राइंडर, पाने, वेल्डिंग मशीन पुसून ओळीने मांडलं. आणि अर्थातच ताडपत्री काढली. प्लॅस्टिकखाली झाकलेल्या वस्तूची पूजा कशी करणार?

तीच चूक. दसऱ्याला मराठी माणूस फोन न करता सोनं द्यायला येतो, हे चौदा महिने सगळ्या गोष्टींची काळजी घेणाऱ्या आम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही. इथे आपट्याऐवजी कांचनाची पानं देतात. घरमालक काका झब्बा घालून, हातात ती पानं घेऊन फाटकातून आत आले तेव्हा मी ड्रायव्हरच्या सीटवर होते, बाबा माझ्या शेजारी. नारळ नुकताच फुटला होता. बॅटरीची तार जोडून झाली होती, किल्ली माझ्या हातात होती.

काका हसले. पानं बाबांच्या हातात दिली, सोनं घ्या म्हणाले. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीऐवजी बांधलेल्या पेट्रोलच्या बाटलीकडे पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, ही वस्तू इथे कधीपासून आहे? इन्शुरन्सवाल्यांना कळलं तर? कुणी फोटो काढून तक्रार केली तर नाव कुणाचं येईल? सगळे प्रश्न रास्त होते. मी उतरून उत्तर द्यायला लागले की हो, आम्ही सांगायला हवं होतं, चूक झाली, एक महिना द्या, आम्ही दुसरी जागा बघतो.

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबांना म्हणाले, "तुमचा पीआरचा अर्ज आत आहे ना? आणि मुलीचाही?"

एवढंच. पीआर म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, आणि ती देणं न देणं सरकारच्या हातात. धमकी नव्हती. काळजीने विचारावं तसं विचारलं.

बाबा गाडीतून उतरले. हातातली पानं त्यांनी बॉनेट नसलेल्या इंजिनवर ठेवली आणि हात जोडले.

"नाही साहेब, हा मुलीचा नाद आहे. मी तिला सांगतच होतो. शनिवारी भंगारवाला बोलावतो."

साहेब. कारखान्यात ज्या शब्दाने कुणाला हाक मारायची नाही म्हणून हा माणूस उपाशी राहिला होता, तो शब्द त्याने भाड्याच्या घराच्या पोर्चमध्ये, स्वतः तपासलेल्या जोडांसमोर उच्चारला. आणि मी तिला सांगतच होतो, हे धडधडीत खोटं.

काका चहा न घेता गेले. बाबा पाने-पक्कड हत्यारांच्या पेटीत भरू लागले. मी विचारलं, "तुमची पत्रकं मी वाचली ती कशाला?"

"ती वाचून भाडं देता येत नाही," बाबा म्हणाले. मग पेटीचं झाकण लावत, "तुझ्यासाठीच म्हणालो."

मी म्हणाले की माझ्यासाठी म्हणाला असता तर नाद म्हणाला नसता. त्यानंतर शनिवारपर्यंत आम्ही जेवणाखेरीज बोललो नाही.

शनिवारी अकराला ट्रक येणार होता. दहा वाजता मी ताडपत्री काढली. हार वाळून इंजिनाला चिकटला होता, तो ओढून काढला. बाबांना बोलावलं नाही. चौथ्या प्रयत्नाला इंजिन लागलं. सायलेन्सर नव्हता, आवाज छपराखाली असा फुटला की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. पहिला गिअर टाकून मी क्लच सोडला. गाडी चालली. एकही जोड कुरकुरला नाही. शेजारची सीट रिकामी होती.

फाटक उघडंच होतं. पुढची चाकं गटारावरच्या लोखंडी जाळीला लागली आणि मी ब्रेक दाबला. जाळीपलीकडे रस्ता. रिकामा, शनिवारचा, वळणापर्यंत सरळ. वळणाला जाऊन परत यायला एक मिनिटही लागलं नसतं. आरशात बाबा दारात बनियनवर उभे दिसले. मला वाटलं, आता ओरडतील. थांब म्हणतील, वेडी झालीस का म्हणतील. मी वाट पाहत होते. त्यांनी थांब म्हटलं असतं तर आयुष्यभर पुरेल असा दोष मला त्यांच्यावर टाकता आला असता.

ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी डोळेही वळवले नाहीत. मी माझा अर्ज आठवला, नोकरीमुळे मिळालेला इथे राहायचा पास आठवला, आणि माझ्या हाताने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. चार मीटर झाले होते, तेवढेच ठरले होते, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या सकाळी मला चार मीटर नको होते.

ट्रकवाल्या म्हाताऱ्या चिनी अंकलने गाडी ओढायच्या विंचची दोरी लावताना एका जोडावरून अंगठा फिरवला. "हू वेल्ड? व्हेरी नाइस लाह." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीकडे पाहत राहिले. अंकल खांदे उडवून गाडी वर चढवायला लागला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गुडघ्यावर बसून ऑइलचा डाग साबणाने घासला. काकांना स्वच्छ पोर्चचा फोटो पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला.

पाच महिन्यांनी आमच्या दोघांच्या अर्जांना नकार आला. इथे कारण देत नाहीत. काकांनी काही केलं असेल असं मला वाटत नाही, त्यांनी काही करायची गरजच पडली नव्हती. बाबांनी तो मेल दोनदा वाचला आणि चहा टाकायला उठले. स्वयंपाकघरातून त्यांनी विचारलं, "ते वेल्डिंग मशीन कुठे ठेवलंयस?"

"विकलं," मी म्हणाले.

ते बरं म्हणाले. मशीन माझ्या पलंगाखाली आहे. त्याच्याशेजारी लाल आणि पांढऱ्या रंगाच्या त्यांच्या दोन डब्याही आहेत. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगावंसं मला अजून वाटत नाही.