आजारी गाडी उस्ताद आणतो

त्या वर्षी माझी पोस्टिंग नाशिकजवळच्या छावणीत होती. गाव विंचूरच्या बाजूला, त्यामुळे घरचे खूश होते. मी शिपाई, एमटी म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये ड्रायव्हर. आता पेन्शनवर आलो आहे आणि नाशिकच्या एका कॉलेजात बी.ए. करतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. परवा वर्गातल्या एका मुलाची कार चालताना घूं घूं आवाज करत घुमायला लागली. सगळे म्हणाले, टायर असतील. मी चावी काढून घेतली. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नाही. लिहून जमतं का बघतो.

आमचे उस्ताद हवालदार सुरेश पागारे. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात. ते एकलहऱ्याचे. त्यांनी आम्हाला एक सवय लावली होती. प्रत्येक हॉल्टला खाली उतरायचं आणि चारी बाजूंच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधोमध, हाताची उलटी बाजू टेकवायची. एकच हब जास्त गरम लागला तर आतलं बेअरिंग गेलं समजायचं. मी रिकाम्या वेळात बारावीची पुस्तकं वाचायचो. ते म्हणायचे, "कलेक्टर हो, नायतर मास्तर हो. आधी हब बघ."

दुसरी रीत कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळत. आजारी गाडी उस्ताद आणतो. म्हणजे वाटेत बिघडलेली गाडी शिपायाने नाही, उस्तादाने स्वतः चालवायची.

त्या महिन्यात ट्रकांना नवे लग टायर बसले. चिखलासाठी खोल खाचांचे. डांबरावर ते घुमतात. सुरुवातीला आम्ही तक्रार केली, मग त्या आवाजाला भजनी मंडळ म्हणू लागलो. नंतर कोणी आवाजाबद्दल बोललं की बाकीचे त्याला टाळ आणून देऊ का विचारत. चूक तिथे झाली. कोणा एकाची नव्हे, सगळ्या प्लाटूनची.

आम्ही तीन ट्रक घेऊन आग्रा रोडने धुळ्याकडे निघालो. पुढच्या ट्रकमध्ये सुभेदारसाब. माझा ट्रक शेवटचा, मागे जवान बसलेले. उस्ताद माझ्या डावीकडे. पिंपळगाव सोडल्यावर ते कान देऊन ऐकू लागले. मग थरथर कळावी म्हणून त्यांनी बूट काढून पाय केबिनच्या पत्र्याला टेकवले.

"गिअर न्यूट्रल कर."

केला. इंजिन शांत झालं, घुमणं तसंच राहिलं. म्हणजे आवाज चाकांकडचा. त्यांनी रेडिओवर कळवलं. सुभेदारसाबांचं उत्तर आलं, "लग टायर है, पागारे. चलते रहो." त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही. त्यांचा ट्रकही घुमतच होता.

चांदवड मागे पडलं. राहूड घाटाच्या उतारावर मी वेग कमी केला. टायरांचा आवाज हळूहळू मावळला. त्याच्याखाली लपलेला दुसरा आवाज तेवढा उरला. जाडसर, दळल्यासारखा. गाडी उजवीकडे वळली की तो वाढायचा, कारण तेव्हा भार डाव्या चाकांवर येतो. डावीकडे वळली की कमी व्हायचा.

उस्ताद म्हणाले, "टायर वळण ओळखत नाय. हे बेअरिंग हाय. माझ्या पायाखालचं. थांब."

थांबलो. उजवा पुढचा हब कोमट होता. डाव्याला त्यांनी हात लावला आणि लगेच काढला. आम्ही वळणावरच उभे होतो. मागून कांद्याचे भरलेले ट्रक उतरत होते, हॉर्न देत कडेने निघत होते. तिथे उभं राहणं धोक्याचं होतं. खाली, पुढच्या वळणापलीकडे, मोकळी जागा दिसत होती. सुभेदारसाबांनी रेडिओवर आदेश दिला. जवान उतरवा, गाडी रिकामी करून तेवढी खाली घ्या.

मी स्टिअरिंगवरच होतो. म्हणालो, "उस्ताद, मी नेतो. हळू नेतो."

"उतर."

"गाडी माझ्या नावावर आहे."

"आजारी हाय ना? मग माझी. तू मागं जा, ट्रकवाल्यांना हात दाखव."

मी उतरलो. ते चढले. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल इतक्या वेगाने ट्रक निघाला. मी रस्त्यात उभा राहून मागची गाडी थांबवत होतो. पाठीमागे दळण्याचा तो आवाज ऐकू येत होता. मग तो बंद झाला. मी वळून पाहिलं. पुढचं डावं चाक निखळून एकटंच उतारावरून पळत होतं. ट्रक डावीकडे झुकला, कठडा तोडून खाली गेला.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ते गेलेले होते.

कागदोपत्री तो अपघात आहे. लढाई नव्हती, म्हणून त्यांचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही.

कॉलेजातल्या त्या मुलाच्या कारचा हबही गरम निघाला. मेकॅनिकने बेअरिंग काढून दाखवलं, तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

एकलहऱ्याला मी अधूनमधून जातो. उस्तादांची आई चहा ठेवते आणि दर वेळी तेच विचारते. "त्याला आवाज आला व्हता ना रे? की गाफील राह्यला?"

"नाही, आई. सगळ्यांच्या आधी त्यांनाच आला होता."

ती मान हलवते, आणि कप माझ्यापुढे सरकवते.