मित्रकीड

वांग्याच्या दोन ओळींमध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं. वाटेत येतं म्हणून मी काठी उचलली, तेवढ्यात आमच्या गावच्या कृषी सहायक बाई बांधावरून ओरडल्या, "काका, थांबा! मित्रकीड आहे ती. तुमच्या वांग्यावरचे तुडतुडे खाते."

मित्रकीड. आमची ही गेली, तेव्हापासून मित्र हा शब्द माझ्याकडे फिरकलाच नव्हता. मी काठी खाली ठेवली आणि वळसा घालून गेलो. जाळ्यात दोन तुडतुडे अडकलेले, मधोमध कोळी एकटाच. आपण कुणासाठी राबतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

शेतात असतं ते जाळं. घरात आलं की त्याचंच जळमट होतं. दिवाळीआधी ही लांब काठीला केरसुणी बांधून कोपरान् कोपरा झाडायची.

काल शेजारच्या वहिनी आल्या. आढ्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, काढा हो ती जळमटं. घरात कुणी राहतच नाही असं वाटतं."

"असू द्या, वहिनी," मी म्हटलं. "तेवढंच कुणीतरी राहतंय."