अर्पणपत्रिकेतली जागा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणालाही बिनदिक्कत सांगते. आयर्लंडमध्ये, मेनूथच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्यात एमए केलं. आता डब्लिनच्या सँट्री भागात एका ऑफिसात नोकरी करते; कवितेचा तिथे काडीचा संबंध नाही. पण प्रबंधाची एक प्रत मी छान बांधून घेतली आणि बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल अशी ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात आई गावाहून तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आली. पहिल्याच सकाळी तिने पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली आणि प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर बोटं टेकवली. शाळेची नवी पुस्तकं आली की ती असंच करायची. स्वतःला वाचता कधी आलं नाही.

"कुणावर लिवलंस एवढं?"

"इथल्याच एका जुन्या कवीवर. डब्लिनचा होता."

"आन् त्यो काय लिवायचा?"

"तरुणपणी नुसतं सौंदर्य. फुलं, चांदणं, रंग. सुंदर आहे ना, मग बास, असं म्हणायचा."

"कामधंदा नव्हता का त्याला?"

"पुढे तुरुंगात गेला. मग तुरुंगावर लिहिलं."

"ते खरं लिवलं असंल," आई म्हणाली.

मग मी टाळत होते तेच बोलून गेले. "त्याची बहीण लहानपणीच गेली होती. तिच्यावरही एक छोटी कविता आहे."

आईचा हात डबीवर थांबला. माझी धाकटी बहीण पाच वर्षांची असताना तापाने गेली. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी घेत नाही. आईला त्रास नको म्हणून आम्ही गप्प, आमच्यासाठी आई गप्प. त्या एवढ्याशा कवितेवर मी आख्खं प्रकरण लिहिलं होतं. मार्गदर्शक सरांनी कारण विचारलं तेव्हा शैलीबद्दल काहीबाही सांगितलं. खरं तर धाकटीचं नाव मला एकदा आईच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मागायचं कसं ते समजत नव्हतं.

"नाव घातलंय त्यानं तिचं?"

"नाही."

"मग तिच्या आईनं वळखायचं कसं?"

आईने मला पहिलं पान उघडायला लावलं. "हितं काय हाय?"

"'आई-आबांना' असं लिहिलंय."

तिने त्या अक्षरांना कुंकू लावलं. मग बोट खाली, कोऱ्या कागदावर सरकलं. "हितं जागा हाय की गं. लिव."

"काय लिहू?"

आईने धाकटीचं नाव घेतलं. कागदोपत्री होतं ते नाही, लाडाचं. अंगणातून हाक मारायची तसं, शेवट लांबवून. एकोणीस वर्षांनी. मी पेन काढून लिहू लागले.

"नीट लिव," ती म्हणाली. "शिकलीस न्हवं?"

ती प्रत माझ्याकडे आहे. मेनूथला विभागात जमा केलेल्या प्रतीत मात्र ती जागा कोरीच आहे. आई परत गेल्यापासून मी दोनदा विभागाच्या इमारतीच्या दारापर्यंत जाऊन आले. दोन्ही वेळा पर्समध्ये पेन होतं.