टाक्याचा होन

बाबांची नाणी मला लहानपणापासून आवडत नसत. सतराव्या वर्षी मी त्यांचा द्वेष करू लागले आणि तो द्वेष नाण्यांपाशी थांबला नाही.

घाटकोपरला आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली बाबांची शिसवी पेटी असे. आत निळी मखमल, मखमलीत गोल खळगे आणि खळग्यांत सोनं: दोन मोगली मोहरा, दक्षिणेतले होन, डाळीएवढी बारीक नाणी. रविवारी जेवण झालं की बाबा पेटी उघडत. नाणं कडेनं धरायचं, छापाला बोट लावायचं नाही, असा दंडक होता. आईनं एकदा कौतुकानं मोहरा रिठ्याच्या पाण्यात घालून लख्ख घासल्या. बाबा गॅलरीत येऊन, शेजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "अडाणी बाई! शेकडो वर्षांची झाक घालवलीस. लिलावात आता निम्मीही बोली यायची नाही."

आईनं मोहरा पदरानं पुसून परत ठेवल्या. ती कधीच उलट बोलत नसे, याचाही मला राग यायचा.

आईजवळ तिच्या माहेरची पुतळ्यांची माळ होती. एकवीस पुतळ्या, नाण्यासारख्या गोल सोन्याच्या चकत्या. माझ्या लग्नात ती माझ्या गळ्यात पडायची, हे घरात ठरलेलं. बाबा त्या माळेला हसत. "खरी पुतळी व्हेनिसहून यायची. ह्या इथल्या सोनारांनी पाडल्यात. नुसतं वजन." त्या वजनाचा उपयोग मात्र त्यांनी करून घेतला. झवेरी बाजारातल्या एका सराफाकडे वितळवायला आलेल्या ढिगात त्यांना विजयनगरचा दुहेरी होन दिसला. कमानीखाली उभा देव, मागे नागरी अक्षरं, सगळं स्पष्ट. सराफालाही त्याची किंमत कळत होती. मामाच्या मुलाच्या मुंजीसाठी आईनं डबा उघडला तेव्हा माळेत दहा पुतळ्या उरल्या होत्या.

"अहो, बाकीच्या?"

"दिल्या. होनाचा लिलाव होऊ दे, एकवीसच्या बेचाळीस करून देतो."

आईनं दहा पुतळ्या काळ्या दोऱ्यात जवळजवळ ओवल्या आणि मुंजीत पदर गळ्यापर्यंत ओढून बसली. मी तिच्याकडे बघत होते. त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं.

फोर्टातल्या एका लिलाववाल्यानं होन पाहून ठेवला होता. सोन्याच्या भावाच्या वीसपट तरी बोली जाईल, असं तो म्हणाला म्हणे. बाबांनी हे ऑफिसात सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. माझ्या कॉलेजच्या फीसाठी मात्र त्यांच्याकडे एकच उत्तर होतं: "मॅट्रिक झालीस ना? पुरे."

लिलावाच्या आदल्या दिवशी बाबा ऑफिसात आणि आई देवळात असताना मी पेटीतून होन काढला आणि स्टेशनाजवळच्या सोनाराकडे गेले. त्यानं तो तळहातावर उलटापालटा केला.

"जुना दिसतोय, ताई. ह्याला कडी कशाला लावतेस?"

"गळ्यात घालायचाय."

"कडीच्या जोडाचा टाका बसला की डाग राहतो. घरी विचारलंस?"

"वडिलांनीच पाठवलंय," मी म्हणाले.

त्यानं टाकणखार लावला, फुंकणी तोंडात धरली, निळी ज्योत देवाच्या डोक्यावर वाकली. कडी लावलेला होन मी परत मखमलीत ठेवला. आता ते नाणं राहिलं नव्हतं, दागिना झाला होता.

सकाळी बाबांनी पेटी उघडली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कोणी?"

"मी."

"का?"

"आईच्या पुतळ्यांना कडी होती. ह्यालाही लावली."

त्यांनी मला मारलं नाही. टोपी घातली आणि म्हणाले, "चप्पल घाल. स्वतःच्या करणीची किंमत ऐकायला चल."

वाटेत त्यांनी दुसऱ्या एका सोनाराकडून कडी काढून घेतली. होनाच्या कडेला खरबरीत डाग उरला. लिलावाच्या खोलीत पंखे फिरत होते, पारशी आणि गुजराती गृहस्थ पुढच्या बाकांवर होते. लिलाववाल्याच्या माणसानं भिंग डोळ्याला लावलं, नख कडेवरून फिरवलं आणि होन मेजावर ठेवून दिला.

"टाक्याचा आहे, साहेब."

"पण अक्षरं बघा, अक्षरं शाबूत आहेत," बाबा म्हणाले. त्यांचा तो आर्जवी आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

बोली लागली खरी, पण वर चढली नाही. सोन्याच्या भावाच्या जरा वर एका सराफानं घेतला आणि कागदात न गुंडाळता खिशात टाकला.

घरी आई दारातच उभी होती. बाबांनी तिला बाजूला सारलं आणि आत गेले. मी तिला सगळं सांगितलं. आता तरी ती माझ्या बाजूनं बोलेल, अशी माझी समजूत होती. तिनं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच.

"तुला कोणी सांगितलं होतं गं? बेचाळीस नाही, एकवीस तरी दिल्या असत्या त्यांनी."

"नसत्या दिल्या, आई."

"ते मी बघितलं असतं. माझ्या होत्या त्या."

ती त्यांच्यावर विश्वास ठेवून होती, हे मला माहीतच नव्हतं. मी तिला कधी विचारलं नव्हतं. तिच्या वतीनं राग धरला आणि तिच्या पुतळ्यांचं उरलंसुरलं मोल मीच घालवलं.

बाबांनी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. पुढची दोन वर्षं ते माझ्याशी बोलले ते आईमार्फत: तिला सांग, स्थळ आलंय, तिला सांग, साडी नेसून बस. आईसुद्धा नेमके तेवढेच शब्द माझ्यापर्यंत आणायची, त्यात स्वतःचा एकही घालायची नाही.

माझ्या लग्नात त्या उरलेल्या दहा पुतळ्या तिनं माझ्यापुढे धरल्या. मी घेतल्या नाहीत. तिनंही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. बाबांची मी माफी मागितली नाही, त्याचं मला आजही काही वाटत नाही. आईची मागायला हवी होती.