शंभर मीटरच्या पलीकडे बसलेल्या दमयंतीताई

दमयंतीताई रामटेके यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या एका चुकीमुळे. गोंदियाच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागून मला आठच दिवस झाले होते. नागऱ्याच्या एका वृद्ध गृहस्थांच्या निधनाची बातमी मी केली आणि घाईघाईत त्यांच्याऐवजी त्यांच्या धाकट्या भावाचे नाव टाकले. पान तपासायला गेले. थोड्याच वेळात चाळिशीच्या एक बाई लाल पेन हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"नवे उपसंपादक पटले तुम्हीच ना? हा माणूस सकाळी मले बाजारात भेटला. वांगे घेऊन राहिला होता. त्याले कायले मारून टाकलं तुम्ही?"

सगळी खोली हसली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून नाव दुरुस्त करून घेतले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "छापलेलं लोक खरं मानतात. म्हणून आपल्याले भीती वाटली पाहिजे."

त्या दैनिकात मी पुढे बरीच वर्षे काढली. संपादकांनी मला बातमी शिकवली, ताईंनी भीती शिकवली. ती मी ऐन वेळी विसरलो. तो प्रसंग या लेखात यायलाच हवा, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त गौरवग्रंथ काढायचे ठरले तेव्हा समितीने माझ्याकडे लेख मागितला. मी नाही म्हणालो. संपाच्या वेळी पोलिसांच्या गाडीत बसून आत कामावर गेलेल्या माणसाने संपाच्या सरचिटणीसांचा गौरव कोणत्या तोंडाने करायचा? समितीने माझा नकार ताईंना कळवला. त्यांचा निरोप आला : "त्यालेच लिहू द्या. बाहेरचं सगळ्यांनी पाहिलं. आतमध्ये काय झालं ते तोच सांगू शकते."

म्हणून लिहितो आहे.

ताईंची आई गोंदियाजवळ मुर्रीत घरी बिड्या वळायची. शेजारच्या चार बायाही तिथेच येऊन बसत आणि शाळकरी दमयंती त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवी. एखादा शब्द अडला की बाया म्हणत, "थांब माय, पुन्हा वाच." दोनदा वाचायची सवय तिथली, असे ताई सांगत. बी.ए. करून त्या दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागल्या आणि पुढे कर्मचारी संघटनेच्या सरचिटणीस झाल्या. मालकांच्या केबिनमध्ये जाताना आम्ही सगळे शर्ट सारखा करत असू. ताई "जयभीम साहेब" म्हणून सरळ खुर्चीवर बसत.

माझे वडील आजारी होऊन नागपूरला होते तेव्हा रजा मागायची माझी हिंमत होईना. ताईंनी माझा अर्ज स्वतःच लिहिला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सही करा आन् निघा. पान मी पाहते." नऊ दिवस त्यांनी स्वतःचे काम सांभाळून माझे पानही लावले. परत आल्यावर मी आभार मानू लागलो तर त्यांनी त्या नऊ दिवसांतल्या माझ्या पानावरच्या दोन चुका दाखवल्या. त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या.

आता संपाकडे येतो. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे कार्यालय आणि छापखाना गावाबाहेर एकाच फाटकाच्या आत होते. छापखान्यात हिरालाल उईके नावाचा यंत्रचालक होता. देवरीकडच्या जंगलपट्टीतला, अबोल, हाताला अत्यंत नेमका. यंत्राच्या रोलरपुढे सुरक्षेची जाळी असते. कागद अडकला की ती उघडझाप करण्यात वेळ जातो म्हणून वरून हुकूम येऊन ती काढून ठेवली होती. एका दुपारी पुरवणी छापताना हिरालालचा उजवा हात आत ओढला गेला. चार बोटे गेली.

ताई तेव्हा पुरवणीची प्रत तपासायला छापखान्यातच होत्या. आपल्या पदराने तो हात बांधून त्यांनीच त्याला दवाखान्यात नेले. चौथ्या दिवशी व्यवस्थापनाने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. हिरालाल नशेत होता, त्याने निष्काळजीपणा केला, असा जबाब होता. साक्षीदार म्हणून ताईंची सही हवी होती.

"यात जाळी नव्हती हे लिहायचं राहिलं," ताई म्हणाल्या. "ते टाका आन् नशेचं काढा. मग सही करते."

व्यवस्थापक म्हणाले, "रामटेके मॅडम, ये आपका काम नहीं है।"

"चुका काढणं माझंच काम आहे, साहेब. त्याचाच पगार देता तुम्ही."

हिरालाल बडतर्फ झाला. संघटनेने रीतसर नोटीस दिली आणि मुदत संपल्यावर संप सुरू झाला. मागण्या दोनच होत्या : हिरालालला जमेल त्या कामावर परत घ्या आणि जाळी बसवा. पगारवाढीचे अवाक्षर त्यात नव्हते. पहिले पाच दिवस मीही फाटकाशी होतो, हेही नोंदवून ठेवतो.

सहाव्या दिवशी मालक न्यायालयात गेले आणि अंतरिम आदेश घेऊन आले. फाटकापासून शंभर मीटरच्या आत संपकऱ्यांनी जमू नये, घोषणा देऊ नयेत, ये-जा अडवू नये, आणि कामावर येऊ इच्छिणाऱ्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावे, असा तो आदेश होता. आमचे धाबे दणाणले. ताईंनी आदेशाची प्रत मागवली, चष्मा पुसला आणि ती दोनदा वाचली. मग शिंप्याकडून टेप आणला. फाटकापासून मोजत मोजत त्या टायर पंक्चरच्या दुकानापर्यंत गेल्या आणि त्यापुढे दहा पावलांवर सतरंजी घातली.

ठाणेदार फौजफाटा घेऊन आले. "मॅडम, कोर्ट का ऑर्डर है। यहाँ से उठना पड़ेगा।"

"ऑर्डर मैंने पढ़ी है, साहब। आपने पढ़ी क्या? चौथा परिच्छेद देखिए। शंभर मीटरच्या बाहेर शांततेनं बसायला मनाई नाही."

ठाणेदारांनी तिथेच उन्हात उभे राहून परिच्छेद वाचला. मग टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बैठिए।" त्या दिवसापासून बंदोबस्तावरचे शिपाई ताईंच्याच माठातले पाणी प्यायचे. त्यांच्यातल्या एका महिला शिपायाला बसायला खुर्ची नव्हती, तर ताईंनी पंक्चरवाल्याकडून स्टूल मागून दिले. न्यायालयाचा आदेश असा शब्दशः पाळणारा पक्षकार त्या न्यायालयाला पुन्हा मिळाला असेल असे मला वाटत नाही.

त्याच संध्याकाळी मला संपादकांचा फोन आला. वृत्तसंपादकाची जागा रिकामी होती. "पटले, उद्या या. गाडी घरून घेऊन जाईल. पोलीस सोबत राहतील." माझ्या घरात आजारपण नव्हते, अडचण नव्हती. कारण सांगून सुटका करून घ्यावी असे काहीच नाही. मला ती खुर्ची हवी होती.

सकाळी कुडव्यात माझ्या दारापुढे जाळीच्या खिडक्यांची निळी गाडी उभी राहिली. शेजारणीने बायकोला विचारले, "काऊन वो, भाऊजीले पकडून नेऊन राहिले का?" गाडीत आम्ही सात जण होतो. पंक्चरच्या दुकानापाशी गाडी हळू झाली. कोणीतरी ओरडले, "कोण आहे रे अंदर? पटले हाय का?" आणि घोषणा उसळणार तेवढ्यात ताई उभ्या राहिल्या.

"नाव घ्यायचं नाही. कोणाचंच नाव घ्यायचं नाही. जाऊ द्या त्यांना."

लोक पुन्हा सतरंजीवर बसले. गाडी निघून गेली. शिवी खाल्ली असती तर बरे वाटले असते.

आत गेल्यावर संपादकांनी सांगितले, गाडीवर दगडफेक झाल्याची बातमी करा. मी म्हणालो, दगड तर कोणी मारला नाही. ते म्हणाले, "मारला असता तर? पोलीस होते म्हणून वाचलात." मी बातमी लिहिली. 'संपकऱ्यांची दगडफेक, कर्मचारी थोडक्यात बचावले.' दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावर आली. तिसऱ्या दिवशी मालकांच्या वकिलांनी तेच कात्रण न्यायालयात पुरावा म्हणून दाखल केले. माझ्या हातची बातमी, आमच्याच वर्तमानपत्राचे कात्रण, आणि आमच्याच माणसांविरुद्ध. शंभर मीटरचे पाचशे मीटर झाले. ताईंसह अकरा जणांवर गुन्हा दाखल झाला. सतरंजी उचलायला तेच ठाणेदार आले. ते ताईंच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते, असे मागाहून ऐकले.

आठवडाभराने माझ्या टेबलावर टपालाने एक पाकीट आले. आत ते कात्रण होते. ताईंनी शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल पेनाने सुधारल्या होत्या, आणि 'दगडफेक' या शब्दाभोवती गोल करून समासात प्रश्नचिन्ह टाकले होते. बाकी एक अक्षर नाही.

ती शंका मी आज, छापील अक्षरांत, दूर करतो : त्या सकाळी कोणीही दगड मारला नाही. हातातही घेतला नाही.

संप तीन आठवड्यांत मोडला. कामावर परत यायचे तर माफीनामा लिहून द्यायचा, अशी अट होती. लोक ताईंकडे जाऊन रडले. ताईंनी एकेकाला समजावले, "घरी लेकरं आहेत तुमच्या. सही करा. मान खाली घालू नका, जाळी मागत राहा." त्यांनी स्वतः सही केली नाही. एकट्याच बडतर्फ झाल्या. जाळी बसली ती कारखाना निरीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी, आणि ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी निघाली. हे मी वृत्तसंपादकाच्या खुर्चीवरून पाहिले.

दगडफेकीचा खटला पाच वर्षे चालला. पाच वर्षे ताई दर तारखेला मुर्रीहून येत, बाकावर बसत आणि पुढची तारीख घेऊन जात. मी सरकारी पक्षाचा साक्षीदार होतो. बचावाच्या वकिलांनी विचारले, "कोणी दगड मारल्याचे तुम्ही पाहिले?" 'नाही' एवढा एकच शब्द पुरला असता. समोर मालकांचा माणूस बसला होता. मी म्हणालो, "आता आठवत नाही."

पुराव्याअभावी सगळे सुटले. बाहेर व्हरांड्यात ताई माझ्यापाशी थांबल्या. "पटले, खोटं नाही बोललास, इतकं बरं केलं. पण आठवते तुले." इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच अरे-तुरे केले.

मागच्या वर्षी मालकांनी गोंदियाचा छापखाना बंद केला. यंत्र भंगारात गेले. माफीनामे देणारे, गाडीतून जाणारे, खुर्ची मिळवणारे, आम्ही सगळे मोबाइलवर आलेल्या एका संदेशाने घरी बसलो. आम्हाला बाहेर काढताना कोणत्याही न्यायालयाला किंवा पोलिसाला तसदी द्यावी लागली नाही.

त्या आठवड्यात ताई कुडव्याला माझ्या घरी आल्या. चहा घेतला. मुर्रीत त्या एक छोटे वाचनालय चालवतात. तिथे मजुरांना, विधवा बायांना अर्ज लिहून देतात. "लिहिणारा एक माणूस कमी पडून राहिला. याल का?" आता पुन्हा "तुम्ही" झाले होते. मी दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागलो. पहिला अर्ज लिहिला तो त्यांनी दोनदा वाचला.

या ग्रंथासाठी मालकांनी शुभेच्छांची पानभर जाहिरात पाठवली होती. 'आमच्या परिवारातील माजी सहकारी' असा मजकूर होता. समितीने ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "घ्या ना. फक्त 'माजी'च्या जागी 'बडतर्फ' करा, तेवढी दुरुस्ती आहे." दुरुस्ती कळवली. जाहिरात परत गेली.

या ग्रंथात ताईंच्या लढ्यावर भरभरून लिहिणाऱ्यांपैकी दोघे त्या निळ्या गाडीत माझ्या शेजारी होते. नावे घेत नाही. ताईंनीच तसे शिकवले आहे. सत्काराला शाल घालायला पुष्कळ हात पुढे येतील. त्या सतरंजीवर किती होते, हे ताईंना ठाऊक आहे, आणि त्या सांगणार नाहीत.

हिरालालच्या नुकसानभरपाईचा दावा अजून कामगार न्यायालयात आहे. तो आता गावी डाव्या हाताने शेती करतो. ताई दर तारखेला त्याच्यासोबत जातात. जाळी नव्हती, असे प्रतिज्ञापत्र मी गेल्या महिन्यात दिले आहे. उशीर झाला आहे, हे मला कोणी सांगायला नको.

साठीच्या माणसाला आयुष्य चिंतायची रीत आहे. मी ती रीत म्हणून पाळत नाही. ताईंचे गुडघे चांगले राहोत, न्यायालयाचे जिने उंच आहेत. डोळे चांगले राहोत, निकाल दोनदा वाचावा लागेल. आणि आयुष्य भरपूर मिळो. आपल्याकडे न्याय ज्या गतीने चालतो ते पाहता दमयंतीताईंना ते लागणार आहे.