होणाऱ्या जावयाला झाडू

गेल्या उन्हाळ्यात सदरच्या बाजारात एकच कुजबुज होती: हेमलताबाईंनी होणाऱ्या जावयाला पेटत्या झाडूने मारून त्याचं नाक फोडलं. मुलगा पसंत नव्हता म्हणे, आणि लग्न मोडायला दुसरं निमित्त सापडेना.

बाई मारकुट्या, यात वाद नाही. राइट टाउनच्या शाळेत शिकताना त्यांनी एका मुलाचं डोकं जेवणाच्या डब्याने फोडलं होतं. नवरा विनय रेल्वेत. "घरीही प्रसाद मिळतो का रे?" असं मी त्याला विचारलं, तर त्याने आणखी एक चहा मागवला.

नोकरीही बाईंना शोभेल अशीच. सिहोरा रस्त्यावरच्या चाचणी केंद्रात अवजड ट्रकांमध्ये हायड्रोजन भरायचे नियम बसवायचे. हळू भरला तर ट्रक अडकून पडतो, घाईने भरला तर टाकी तापते. म्हणून बाई गॅस रोज थोडा जास्त थंड करून, थोडा जास्त वेगाने भरून पाहत. त्यांचा एक नियम सगळ्यांच्या चेष्टेचा होता. गॅस गळाला तर जागचं हलायचं नाही. हलायचंच तर लांब दांड्याचा झाडू पुढे धरून. हायड्रोजनची ज्वाला उन्हात दिसत नाही. झाडू पेटला की ती कुठे आहे ते कळतं.

"इतकी यंत्रं, अन् शेवटी झाडू," अंबरीश हसायचा. हा ट्रक कंपनीचा माणूस, बाईंच्या मुलीशी, वैभवीशी, लग्न ठरलेला. बाई त्याला "अंबरीशजी, बसा" म्हणत स्वतः खुर्ची पुढे करत.

त्या दुपारी भरता भरता पाइपाचा सांधा सुटला. पाइप पिसाळल्यासारखा उसळला. पहिल्या फटक्यात ज्वाला ओळखणारं यंत्र फुटलं, दुसऱ्यात ट्रकची काच, तिसऱ्यात चौकीदार बाबारावची नडगी. हाड मोडल्याचा आवाज आपणच ऐकला, असं तो अजून सांगतो. बाईंनी बटण दाबून गॅस तोडला, पाइप आडवा पडला. ट्रककडून मात्र फुसफुस येतच होती.

बाई झाडू पुढे धरून निघाल्या. इतक्यात दुसऱ्या बाजूने अंबरीश ट्रकची झडप बंद करायला धावला.

"अंबरीशजी, थांबा."

"माझी गाडी जळून राहिली—"

"कुठे जळून राहिली? दिसते काय तुला? अबे, मागे हो."

झाडू भप्पकन पेटला. अंबरीश थांबेना. बाईंनी झाडू उलटा केला आणि दांडा त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड गेलं, वरचा एक दात पडला, शर्ट रक्ताने भिजला. तो उठू लागला तशी छातीवर लाथ.

संध्याकाळी अंबरीशला घेऊन त्याची आई सत्यभामाबाई बाईंच्या दारात हजर. "जावयाला झाडूनं मारते, वरून अबे म्हणते? काहून मारलं?"

"आई, समोर आग होती," अंबरीश नाकावरच्या पट्टीतून बोलला.

"तू पाहिली?"

"नाही."

"मंग?"

दुसऱ्या दिवशी बातमी बाजारात आली. लग्न झालं, सत्यभामाबाई आल्या नाहीत.

खरं एवढंच. मुलगा बाईंना पसंत होता. ज्वाला त्याच्या पोटापासून दीड हातावर होती. तो थांबत नव्हता, म्हणून बाईंनी त्याला मारलं.